कासमचाचांचा हात

आमच्या कंपनीचं ऑफिस पुण्यात आणि मी रत्नागिरीत. लॅपटॉप अडला की पुण्याचा सपोर्टवाला तिथूनच माझ्या मशीनमध्ये शिरतो. मी हात मांडीवर घेऊन बसते आणि पडद्यावरचा माऊसचा बाण आपला आपण चालायला लागतो. दर वेळी माझ्या तोंडातून निघून जातं, "आलात काय चाचा?" एकदा माईक चालू राहिला होता. तो बिचारा पोरगा गडबडून म्हणाला, "मॅडम, माझं अजून लग्न व्हायचंय."

त्याला काय सांगणार, कप्पाळ! कासमचाचा मुकादम हे प्रकरण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्याला आमचं घर. त्याच्या खालच्या अंगाला, गडगा ओलांडला की चाचांचं. गडगा म्हणजे नावाला चिऱ्यांची भिंत. मधोमध ती माझ्या जन्माच्या आधीच ढासळली होती आणि कुणी पुन्हा रचली नाही, कारण दोन्ही घरची माणसं तिथूनच ये-जा करत. आमच्याकडून सोलकढी जायची, त्यांच्याकडून सांदणं यायची. भांडी मात्र कुणाची कुणाकडे राहिली याचा आजवर निकाल लागलेला नाही.

चाचा बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. मालवाहू बोटीच्या वरच्या अंगाला एका खोलीत बसून, कानाला हेडफोन लावून, मोर्सच्या ठिपक्या-रेघांतून सगळ्या जगाशी बोलणारा माणूस. पुढे सॅटेलाइट आलं आणि ही जमातच बंद झाली. चाचा घरी आले, बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान घातलं, तेही काळाच्या ओघात मिटलं. पण रेडिओ रूम काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. घरातल्या मागच्या, खाडीकडच्या खोलीला ते रेडिओ रूमच म्हणत. तिथं एक टेबल, टेबलावर एक जुनापुराणा कंप्युटर, आणि भिंतीवर बोटीवरून आणलेलं पितळी घड्याळ. घड्याळाच्या तबकडीवर दोन तांबड्या पट्ट्या होत्या. काटा त्या पट्टीत शिरला की पूर्वी जगातल्या सगळ्या बोटी तीन मिनिटं स्वतःचं बोलणं थांबवून नुसत्या ऐकत. कुणी बुडत असेल, मदत मागत असेल, तर त्याचा बारीक आवाजही कळावा म्हणून.

बोटींनी हे सोडून जमाना झाला. चाचांनी सोडलं नाही. बोलता बोलता त्यांचं बोट वर जायचं आणि समोरच्यानं गप्प बसायचं. माझी आई एकदा त्यांना आमच्या भाडेकरूची कर्मकथा सांगत होती. ऐन रंगात आली असताना बोट वर गेलं. आई वैतागून म्हणाली, "अहो कासमभाई, मी काही बुडत नाहीये." चाचा पट्टी संपेपर्यंत थांबले आणि मग शांतपणे म्हणाले, "तुम्ही नाय हो वहिनी. पण कोन तरी बुडत असतोच."

तो कंप्युटर म्हणजे त्यांचा लिनक्सचा सर्व्हर. का लिनक्स, असं विचारणाऱ्याला एकच उत्तर ठरलेलं. "बाकीच्या सिस्टीमी म्हणजे लॉज. मालक कवापण येनार आणि सांगनार, खोली बदला. ह्ये आपलं घर. गळलं तर आपनच वर चढून कौलं परतायची." आणि ते खरोखरच परतत. चष्मा नाकाच्या टोकावर, चौकड्यांची लुंगी, बशीत ओतलेला बिनदुधाचा चहा, आणि काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा दोन बोटांनी टंकायची. टंकून झाली की एंटर दाबण्याआधी पुन्हा एकदा मोठ्यानं वाचायची. "घाई करनाऱ्याचं जहाज खडकावर," म्हणायचे. सर्व्हर कधी बंद म्हणून नाही. त्याला इन्व्हर्टर, इन्व्हर्टरला ट्रकची बॅटरी. गावात अंधार असला तरी त्या खोलीतला हिरवा दिवा लुकलुकत असे.

मी पुण्याचं बिऱ्हाड गुंडाळून आईकडे राहायला आले ते लॉकडाऊनमध्ये. आमच्याकडे वारा जरा जोरानं आला तरी वीज जाते. भर मीटिंगमध्ये गेली, तशी मी लॅपटॉप काखेत मारून गडगा ओलांडला. चाचांनी खुर्ची दिली, नेटची वायर दिली आणि अट घातली, "मीटिंग कर, पन काटा तांबड्यात आला की तोंड बंद." मग मी बरेच महिने तिथूनच काम केलं. आमच्या मॅनेजरचं मत झालं, वृंदा फार विचार करून बोलते.

त्या घरात तेव्हा चाचा एकटेच होते. झुबेदाचाची नुकत्याच गेल्या होत्या. रुबीना ही त्यांची एकुलती एक लेक, माझ्याहून धाकटी, टोरांटोला असते. आई गेली तेव्हा विमानं बंद होती. शेवटचं तोंड बघायला तिला येता आलं नाही. पुढे विमानं सुरू झाली, तेव्हा तिचाच पाय निघेना. आई नसलेल्या घरात कशी शिरू, म्हणायची. व्हिडिओ कॉल त्या दोघांनाही झेपत नसे. ती बापाच्या मागची भिंत बघून रडायला लागायची आणि चाचा "नेट गेलं वाटतं" म्हणून फोन ठेवायचे. नेट गेलेलं नसे. मी शेजारीच बसलेली असे, मला ठाऊक असायचं.

लेकीनं घरी यावं, एवढंच त्या माणसाला हवं होतं. आणि ते तोंडानं मागायचं नाही, हेही त्यानं ठरवलेलं होतं.

चाचांनी घरातले जुने फोटो स्कॅन करून ठेवले होते. रुबीना म्हणाली, मला पाठवा. चाचांनी तिला लिहिलं, "पाठवू कशाला? तूच ये." म्हणजे सर्व्हरवर ये. रिमोट डेस्कटॉप लावतो, तिकडे बसून तू इथला पडदा बघशील, इथला माऊस हलवशील. मला ते पत्र दाखवून म्हणाले, "बरोबर लिवलंय ना गो?" मी म्हटलं, अगदी बरोबर. पण 'तूच ये' हे दोन शब्द मी पुन्हा एकदा वाचले.

व्यवस्था अगदी भोळी होती. राउटरमधून बाहेर एक दार उघडलेलं, दाराला एकच छोटासा पासवर्ड, तोही मुलीचं लाडाचं नाव. मी म्हटलं, "चाचा, हे असं रस्त्यावर उघडं ठेवायचं नसतं. जगभर लोक दिवसरात्र अशी दारं चाचपत फिरत असतात." मी हे त्यांना तीन-चार वेळा तरी सांगितलं असेल. दर वेळी चाचांचं उत्तर तेच. "आपल्याकडं दिवसाचा दरवाजा लावला तर शेजारी इचारायला येतात, कोन गेलं काय म्हनून. मी नाय लावायचा."

मग रोज संध्याकाळी, म्हणजे तिच्या सकाळी, रुबीना यायला लागली. या व्यवस्थेत पडदा एक, बाण एक आणि त्याला धरणारे हात दोन. सुरुवातीला नुसती ओढाताण. फोटोंना नावं देऊन झाली की दोघं पत्त्यांचा डाव मांडत. तिनं चौकटची राणी उचलली की चाचा इकडून बाण मागे ओढायचे, ती पुन्हा पुढे. मध्येच एका कोऱ्या फाईलीत अक्षरं उमटायची, "अब्बा, सोडा ना." चाचा खुशीत येऊन मला म्हणत, "बघ, लबाडी करते." फोन नाही, चेहरा नाही, आवाज नाही. त्या कोऱ्या फाईलीत रोज पहिलं वाक्य चाचांचं असे, रोमन अक्षरांत, दोन बोटांनी टंकलेलं, "आलीस काय बाय? जेवलीस काय?" तिकडे सकाळचे आठ वाजलेले असत. ती म्हणे, होय, जेवले.

मी एकदा विचारलं, "चाचा, बाणाकडे एवढं काय बघत बसता?"

तेव्हा त्यांनी मला हात म्हणजे काय ते सांगितलं. "मोर्स सगळे सारखंच मारतात असं वाटतं तुला. नाय. परत्येकाचा हात निराळा. मद्रासचा एक नायर होता, त्याची शेवटची रेघ जरा लांबायची, गान्यासारखी. त्याचं तोंड मी कदी बघितलं नाय. पन त्याचा बाप वारला, तो दिवस मला त्याच्या हातावरनं कळला. त्यानं सांगितलं नाय, मी इचारलं नाय." मग पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आता ह्यो रुबीनाचा हात बघ. सरळ कदी जायची नाय. शाळेतनं घरी यायची तशी, वाटेत चार ठिकानी थांबत."

मी बघितलं. खरंच, बाण वळत, रेंगाळत, कोपऱ्यात थबकत जात होता.

आणि एका संध्याकाळी मी सोलकढीचा तांब्या घेऊन गेले तर चाचा दारातच म्हणाले, "आज रुबीना लवकर आली हाय." तोंडावर आनंद मावत नव्हता. आत पडद्यावर बाण चालला होता. कोऱ्या फाईलीत चाचांनी टंकलेलं होतं, "आलीस काय बाय? जेवलीस काय?" खाली उत्तर नव्हतं. बाण एकेक फोल्डर उघडत होता, मिटत होता. चाचांनी त्याखाली लिहिलं होतं, "काय शोधतेस? फोटो त्या बाजूला ठेवलेत." आणि स्वतःच ते फोल्डर उघडून दिलं होतं.

मी तांब्या खाली ठेवला. बाण सरळ जात होता. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, पट्टीनं आखल्यासारखा. तो ब्राउझरवर गेला, जपून ठेवलेले पासवर्ड कुठे असतात ते पान उघडलं. मी "चाचा" म्हणायला आणि त्यांचा फोन वाजायला एकच गाठ पडली. फोनवर रुबीना होती. "अब्बा, आज मला उशीर होईल यायला."

चाचांनी हात मागे घातला आणि राउटरची वायर खेचून काढली. बाण जागच्या जागी थांबला.

काही गेलं नव्हतं. पासवर्ड सगळे बदलले, बँकेला कळवलं, सर्व्हर पुसून नव्यानं मांडला, दोन दिवस त्यातच गेले. पण चाचांना त्याचं काही नव्हतं. खुर्चीत बसून ते पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "मी त्याला जेवलीस काय इचारलं गो." मी म्हटलं, अहो, चोराला काय कळतंय मराठी. ते म्हणाले, "चोराचं सोड. सारी जिंदगी मी हात वळखत आलो. दर्याच्या पलीकडचा मानूस नुसत्या टकटकीवरनं सांगायचो. आनि माझ्या पोरीचा हात मला कळला नाय." मग म्हणाले, "मला तीच यायला पायजे होती. म्हनून तीच दिसली."

मला त्या क्षणी त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. आमच्याकडे असं करायची पद्धत नाही. मी सोलकढी पेल्यात ओतून दिली.

त्यानंतर चाचांनी दार बांधायला घेतलं. मला म्हणाले, "तू सांग, पन टंकनार मी." आता बाहेरच्या जगाला तो डेस्कटॉप दिसायचाच नाही. तो फक्त घरातल्या घरात बोलणार. बाहेर एकच चिंचोळं दार, एसएसएच नावाच्या सुरक्षित जोडणीचं. त्याला पासवर्ड नाही, किल्ली. किल्ली रुबीनानं तिकडे आपल्या मशीनवर बनवायची, ती तिच्यापासून हलायची नाही. तिच्या जोडीचं कुलूप तेवढं इकडे पाठवायचं, ते चाचा दाराला बसवणार. तिनं त्या दारातून आत यायचं आणि आतल्या बोगद्यानं डेस्कटॉपपर्यंत पोचायचं. कुणी चुकीच्या नावानं पुन्हा पुन्हा दार वाजवलं की सर्व्हरनं त्याला हाकलून द्यायचं. "म्हंजे दरवाजा हाय, पन कोनाच्या नजरंला नाय," चाचा म्हणाले. "आनि ज्याचा, त्याला उघडतो. मग चालंल."

रुबीना कंटाळली. तिनं लिहिलं, "एवढं कशाला अब्बा? मला नाही जमत हे. राहू दे ना." चाचांचा चेहरा उतरला. बरेच दिवस ती आलीच नाही. संध्याकाळी चाचा पडद्यासमोर बसत आणि बाण मध्यभागी नुसता उभा असे. शेवटी मीच तिला मेसेज टाकला की बये, एक तास दे, पुढे कटकट नाही. ती हो म्हणाली.

पहिल्यांदा जोडताना सर्व्हर एक लांबलचक अक्षरांची माळ दाखवतो. आपण पोचलो ते घर खरंच आपलं का, याची ती खूण. कुणी ती वाचत नाही. सगळे "हो" म्हणून पुढे जातात, कंपनीत आम्हीसुद्धा. चाचांनी फर्मावलं, "फोन लाव आनि पुरी वाचून दाखव. मी इथं ताडून बघतो." आणि वाचायची कशी, तर बोटीवरच्या पद्धतीनं, प्रत्येक अक्षराला एकेक शब्द. रुबीनाला ती पद्धत लहानपणी त्यांनीच शिकवलेली. स्पीकरवर तिचा आवाज आला, आधी रडकुंडीला आलेला, मग हळूहळू खेळात शिरलेला. "के, किलो. धाकटं टी, टँगो. सात. एम, माईक." चाचा पडद्यावर बोट ठेवून, "पुढं. पुढं." मध्येच काटा तांबड्यात गेला, तशी तिकडून तीच म्हणाली, "थांबा अब्बा, पट्टी आली असेल ना?" तिकडे तिच्याजवळ तसं घड्याळ नव्हतं. तीन मिनिटं फोन चालू आणि कुणीच काही बोललं नाही. मग पुन्हा सुरू. "पी, पापा. धाकटं आर, रोमिओ. झेड..."

ती थांबली. बोटीवरचा शब्द झुलू. पण या घरात ती पद्धत वेगळी होती, हे मला तेव्हा कळलं.

"झेड, झुबेदा," रुबीना म्हणाली.

चाचांचं बोट पडद्यावर त्याच अक्षरावर होतं. "बरोबर," ते म्हणाले. "पुढं."

माळ जुळली. पण फोन कुणी ठेवला नाही. आई गेल्यापासून पहिल्यांदा ती दोघं आईबद्दल बोलली. मी चपला हातात घेऊन हळूच बाहेर पडले.

पुढचे दिवस सुखाचे गेले. रुबीना रोज येऊ लागली. चाचा सकाळी चहाबरोबर पेपर वाचावा तसा सर्व्हरचा लॉग वाचत. आदल्या दिवशी कोण कोण दार वाजवून गेलं, त्याची सगळी नोंद त्यात असायची. "बघ, हा 'ॲडमिन' म्हनून आला. हा 'टेस्ट'. हा 'गेस्ट', म्हंजे पावना! एवढी ढीगभर नावं घेऊन येतात, पन एकानं तरी 'कासम हाय काय घरात' म्हनून इचारावं?" याचं त्यांना खरोखर वाईट वाटत असावं.

आणि मग त्यांचा माऊस बिघडला. म्हणजे तसं ते म्हणत. पडद्यावर बाण थरथरायचा, नेमका जायचा नाही. त्यांनी माऊस खोलून साफ केला. नवा आणला. मग दुसऱ्या जातीचा आणला. खाली घालायचं पॅड बदललं. मी काहीच बोलले नाही, कारण चहाची बशीही थरथरत होती आणि बशीला काही वायर नसते. शेवटी मीच त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, हळूहळू वाढेल म्हणाले. रिक्षातून येताना चाचा म्हणाले, "रुबीनाला सांगायचं नाय. तिची तिकडं नोकरी हाय, पोरं हायत. तोंड बघायचं म्हनून धावत येईल नि आयुष्यभर मनात धरील की बापाच्या आजारानं आनली. ती आपनहून आली पायजे." मी शब्द दिला आणि पाळला.

त्यानंतर पत्त्यांच्या डावात ते बाण तिच्या हाती सोडून नुसते बसत. "तू खेळ, मी बघतो," असं लिहीत. ते लिहायलाही बराच वेळ लागे.

एका रविवारी मला रुबीनाचा मेसेज आला. "ताई, तुला अब्बांनी गप्प बसायला सांगितलं असेल, म्हणून विचारत नाही. मी तिकीट काढलंय. त्यांचा हात मला इथून दिसतो."

मी तो मेसेज कितीदा तरी वाचला. चाचांना दाखवला नाही.

ती आली ती दुपारी. रिक्षा गडग्याशी थांबली. पडवीच्या पायरीशी येऊन ती अडखळली, आई नसलेल्या घरात शिरायची जी भीती होती, तीच. दिवसाचा दरवाजा उघडाच होता. आतून, अंधाऱ्या माजघरातून, चाचांचा आवाज आला, "आलीस काय बाय? जेवलीस काय?" आणि ती चपला न काढता आत धावली.

महिनाभर राहिली. शेवटी ठरलं की चाचांनी तिच्याबरोबर जायचं. त्यांना एकटं ठेवणं आता शक्य नव्हतं, आणि तिलाही इथं राहणं शक्य नव्हतं. चाचांनी वाद घातला नाही. त्यांची एकच अट होती, सर्व्हर चालू राहील. घराची किल्ली माझ्याकडे, सर्व्हरची किल्ली त्यांच्याकडे.

निघायच्या आधी त्यांनी स्वतःच्या नव्या लॅपटॉपवर किल्ली बनवली आणि तपासून बघायला पडवीत येऊन बसले, माझ्या मोबाईलच्या नेटवर. खोली भिंतीपलीकडे, पण जायचं सगळ्या जगाला वळसा घालून. थरथरत्या बोटांनी नाव चुकीचं पडत गेलं. त्यांनीच लिहिलेल्या नियमानुसार सर्व्हरनं त्यांना हाकलून दिलं. चाचा इतके हसले की डोळ्यांना पाणी आलं. "चौकीदार चोख हाय! माझ्याच घरानं मला घालवला!" मी आत जाऊन बंदी उठवली. बाहेर आले तेव्हा ते हसत नव्हते. खाडीकडे बघत होते. "आता मी पन भायेरचाच झालो गो," म्हणाले.

गाडीत बसताना मला एवढंच म्हणाले, "लाईन जिवंत ठेव."

मग माझी संध्याकाळची वेळ ठरून गेली. गडगा ओलांडायचा, केर काढायचा, दिवा लावायचा, रेडिओ रूममध्ये बसायचं. टोरांटोत सकाळ झाली की पडद्यावर बाण हलायचा. थरथरत, अडत, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला जायला दम लागल्यासारखा. कोऱ्या फाईलीत एकच शब्द यायचा, "खिडकी." मी खाडीकडची खिडकी उघडायची. टेबलावर त्यांनी एक माईक लावून ठेवला होता, त्यातून त्यांना इथला आवाज जायचा. होड्यांची इंजिनं, राजिवड्याच्या मशिदीतली अजान, कावळे, आईची मला घातलेली हाक. बऱ्याच वेळानं अक्षरं उमटत, "भरती हाय ना." मी माईकमध्ये म्हणायची, "होय." किंवा ओहोटी असली की ते लिहीत, "सुकती. पाणी भिंतीला वाजत नाय." एकदाही चुकले नाहीत. मग काटा तांबड्यात जायचा आणि दोघं गप्प ऐकत बसायचो.

कधी कधी मी विचारायची, "चाचा, परत येणार ना?" बाण थोडा हलायचा. पुन्हा थांबायचा. मला त्यांची फार आठवण यायची, ते समोर असतानाच.

हळूहळू त्यांचं येणं कमी झालं. एखादं अक्षर उमटायचं, तेही अर्धवट. मी ते वाट बघून पुरं करून घ्यायची आणि खिडकी उघडायची. मग दोन-तीन आठवडे बाण जागचा हललाच नाही. रुबीनाला मेसेज टाकला तर "इस्पितळात आहेत" एवढंच.

काल-परवाची गोष्ट वाटते. मी दिवा लावून बसले होते आणि बाण हलला. मी "आलात काय चाचा?" म्हणणार, तेवढ्यात मी पडद्याकडे नीट पाहिलं. बाण थरथरत नव्हता. तो वळला, रेंगाळला, कोपऱ्यात थबकला. शाळेतून घरी येणाऱ्या पोरीसारखा चार ठिकाणी थांबत फोटोंच्या फोल्डरपाशी आला आणि न उघडता तसाच उभा राहिला.

तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

माईक तसाच राहू दिला. मी कीबोर्ड पुढे ओढला आणि कोऱ्या फाईलीत टंकलं, "आलीस काय बाय? जेवलीस काय?"

बराच वेळ गेला. मग उत्तर आलं, "नाही."

आणि त्याखाली, "ताई, खिडकी."

मी उठून खिडकी उघडली. भरती होती, पाणी भिंतीला वाजत होतं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तांबड्या पट्टीत शिरत होता. आम्ही दोघी गप्प बसून ऐकत राहिलो.